एकाला उत्तर, पाचशेंच्या देखत

मागच्या गणेशोत्सवातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते आणि इंदुरातल्या एका जुन्या मराठी संस्थेच्या कार्यालयात आम्ही सात-आठ जण बसलो होतो. चहा केव्हाच निवून त्यावर साय धरली होती. एकच मोबाईल हातोहात फिरत होता. ज्याच्या हातात येई तो चष्मा वर करून वाचे, मान हलवे आणि पुढच्याकडे सरकवे.

झालं होतं ते इतकंच. संध्याकाळी नाटक होतं. एक ताई आपल्या आईला व्हीलचेअरवरून घेऊन आल्या. सभागृहाला रॅम्प आहे, पण रॅम्पच्या जाळीच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे असते हे दारावरच्या एकाही कार्यकर्त्याला ठाऊक नव्हतं. वीस मिनिटं वाट पाहून मायलेकी परत गेल्या. घरी पोचल्यावर ताईंनी संस्थेच्या फेसबुक पेजवर सहा ओळी लिहिल्या. राग होता, पण शिवी नव्हती. अर्ध्या तासात संस्थेच्या नावाने उत्तर गेलं: "आधी फोन करून कळवलं असतं तर व्यवस्था केली असती. आमचे कार्यकर्ते विनामोबदला राबतात, याचीही जाणीव ठेवावी." त्याखाली भराभर प्रतिक्रिया आल्या, वादावादी झाली, आणि साडेनऊच्या सुमारास कोणीतरी घाबरून ती सगळी पोस्टच डिलीट केली. तोवर तिचा स्क्रीनशॉट रामबागेपासून विजयनगरपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत पोचला होता.

सचिवकाका मला म्हणाले, "अहो, किल्लीची गोष्ट. चाळीस वर्षं आम्ही इथे खुर्च्या उचलतोय. एवढ्याशाचं एवढं कसं झालं?"

लहान संस्थांची पेजं सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. शाळा, पतपेढी, दवाखाना, मिठाईचं दुकान, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळीकडे हाच प्रश्न मला ऐकू येतो. तो विचारणारी बहुतेक माणसं प्रामाणिक असतात आणि खरोखर गोंधळलेली असतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

जनसंपर्क म्हणजे जाहिरात नव्हे

आपल्याकडे स्थळ बघताना दोन गोष्टी होतात. मुलीचा किंवा मुलाचा बायोडेटा येतो, आणि मग आपण गुपचूप चौकशी करतो. बायोडेटा घरच्यांनी लिहिलेला असतो. उंची, पगार, फोटो सगळं त्यांच्या मनासारखं. चौकशी मात्र शेजाऱ्यांकडे, ऑफिसातल्या ओळखीच्याकडे, किराणा दुकानदाराकडे होते. निर्णय बहुतेक वेळा चौकशीवर होतो.

जाहिरात म्हणजे बायोडेटा. पैसे दिले, जागा घेतली, हवं ते लिहिलं. जनसंपर्क म्हणजे चौकशीत लोक आपल्याविषयी जे सांगतील, ते चांगलं आणि खरं असावं यासाठी वर्षभर केलेली मेहनत. इंग्रजीतून आलेला 'पीआर' (पब्लिक रिलेशन्स, म्हणजे जनसंपर्कच) हा शब्द हल्ली सारवासारवीच्या अर्थाने वापरतात ("हे सगळं पीआर आहे हो!"), पण या व्यवसायाची सुरुवात नेमकी उलट गोष्टीपासून झाली.

२८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात कोसळले आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. तोवर रेल्वे कंपन्यांची पद्धत ठरलेली होती: अपघात दडवायचा, पत्रकारांना लांब ठेवायचं. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा सल्लागार आयव्ही ली याने कंपनीला वेगळं करायला लावलं. काय घडलं ते कंपनीने स्वतः लिहून वर्तमानपत्रांना दिलं आणि पत्रकारांना अपघाताच्या जागी नेण्याची सोय केली. आज ज्याला आपण प्रसिद्धिपत्रक म्हणतो, त्याचं हे पहिलं ठळक उदाहरण मानतात. म्हणजे या धंद्याचा पहिला धडाच असा होता की वाईट बातमी आपली आपण आधी सांगावी.

पंगतीत कोणी म्हटलं, आमटी खारट आहे

पूर्वी तक्रार पत्राने यायची किंवा समोरासमोर व्हायची. तक्रार करणारा एक, ऐकणारा एक. फार तर कोणी वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रव्यवहारात चार ओळी लिहायचं, त्याही आठवड्याने छापून यायच्या.

सोशल मीडियावर मात्र तक्रार पंगतीत होते. लग्नाची पंगत बसलीय आणि एक पाहुणा मोठ्याने म्हणाला, "आमटी खारट झालीय." यजमान जर म्हणाला, "बाकी कोणी काही बोललं नाही, तुम्हालाच कशी लागली?" तर सगळ्या पंगतीचे हात थांबतात आणि नजरा आमटीवरून यजमानाकडे वळतात. आता विषय आमटीचा राहिलाच नाही. याउलट यजमान वाकून म्हणाला, "हो का? थांबा हं, बघतो," आणि दुसरी वाटी घेऊन आला, तर आमटी तितकीच खारट असूनही पंगत पुन्हा जेवायला लागते.

संस्थेच्या पेजवर दिलेलं उत्तर एकट्या ताईंसाठी होतं. पण ते वाचणारे बाकीचे पाचशे जण पंगतीतले होते. त्यांनी ना रॅम्प पाहिला होता, ना कुलूप. त्यांनी एवढंच पाहिलं की म्हाताऱ्या बाईला परत जावं लागलं आणि संस्था तिच्या मुलीलाच सुनावतेय. ज्यांच्या घरी वॉकर आहे, व्हीलचेअर आहे, गुडघे धरून जिना चढणारे वडील आहेत, त्या प्रत्येकाने मनात म्हटलं असणार, उद्या आपल्यालाही असंच बोलतील. म्हणून मी प्रत्येक संस्थेला हेच सांगतो: उत्तर लिहिताना समोरच्या एकाचं समाधान होईल की नाही ही चिंता दुय्यम आहे. गप्प बसून बघणारे पुढच्या वेळी आपल्याकडे येतील का, हा खरा प्रश्न.

"आमचे कार्यकर्ते विनामोबदला राबतात" हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. मी त्या माणसांना पहाटे मांडव बांधताना पाहिलंय. पण खरं वाक्यसुद्धा चुकीच्या क्षणी बोललं की ते उपकाराची आठवण करून दिल्यासारखं वाटतं.

इतक्या लवकर पसरतं कसं?

रात्री दहानंतर सराफ्यात जाऊन बघा. दिवसा दागिन्यांची दुकानं, रात्री त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याची रांग. नवखा माणूस कुठे उभा राहतो? जिथे आधीच गर्दी आहे तिथे. भुट्ट्याचा कीस कोणाचा चांगला हे त्याला माहीत नसतं. तो गर्दी वाचतो.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांच्यामागे असाच एक गर्दी वाचणारा आहे. त्याला अल्गोरिदम म्हणतात. कोणाला काय दाखवायचं हे ठरवणारा संगणकाचा हिशेब. एखाद्या पोस्टवर लोक थांबतात, उत्तरं देतात, पुढे पाठवतात, की तो हिशेब म्हणतो, इथे काहीतरी चाललंय, आणखी लोकांना दाखवा. चाललंय ते भजन आहे की भांडण, याच्याशी त्याला फारसं कर्तव्य नसतं. म्हणून संस्थेच्या हितचिंतकांनी तावातावाने लिहिलेल्या बचावाच्या तीस प्रतिक्रियाही त्या तक्रारीलाच वर ढकलतात. आपलेच लोक आपल्याच आगीत तेल ओततात आणि त्यांना वाटत असतं की आपण पाणी टाकतोय.

यात माणसाच्या स्वभावाचाही वाटा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या तपासल्या. २०१८ साली त्यांनी निष्कर्ष छापला: खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त होती, आणि त्याला यंत्रांपेक्षा माणसंच कारणीभूत होती. नवल आणि संताप यांना पाय लवकर फुटतात.

व्हॉट्सॲपची गोष्ट आणखी अवघड. तिथे काय फिरतंय हे संस्थेला दिसतच नाही. अफवा आवरण्यासाठी कंपनीने २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्याने वेग कमी होतो, प्रवास थांबत नाही. आणि स्क्रीनशॉटचा एक दोष कायमचा आहे: तो ज्या क्षणी काढला तिथेच गोठतो. तुम्ही तासाभराने कितीही चांगलं उत्तर दिलं तरी ते त्या चित्रात जाऊन बसत नाही. म्हणून पहिल्या उत्तराला इतकी किंमत आहे.

"पण आमची चूक नव्हतीच!"

हा आक्षेप सर्वांत जास्त येतो आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

१९८२ च्या सप्टेंबरअखेरीस शिकागो परिसरात 'टायलेनॉल' या वेदनाशामक कॅप्सूल घेऊन सात जण मेले. कोणीतरी दुकानांतल्या बाटल्यांमध्ये सायनाइड मिसळलं होतं. कारखान्यात काही बिघडलं नव्हतं. गुन्हेगार बाहेरचा होता आणि त्या खुनांबद्दल आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला सहज म्हणता आलं असतं की आमचा संबंध नाही. तिने लोकांना सांगितलं, आमच्या कॅप्सूल घेऊ नका. देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, त्यात १० कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. काही आठवड्यांनी औषध परत आलं ते तिहेरी बंद केलेल्या वेष्टनात. वर्षभरात गेलेला बहुतेक धंदा परत मिळाला. (त्याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरवरून हजारो खटले झाले. एकदा कमावलेला विश्वास आयुष्यभर पुरत नाही.)

आता आपल्याकडचं उदाहरण. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. कंपनीचा पहिला पवित्रा असा होता की माल कारखान्यातून चांगलाच निघतो, दुकानात नीट साठवला जात नाही. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्यही असेल. पण ग्राहक कंपनी आणि दुकानदार असा भेद करत नाही. त्याने वेष्टनावरचं नाव वाचून मुलाच्या हातात चॉकलेट दिलेलं असतं. पुढे कंपनीने दुकानदारांना साठवणुकीचं प्रशिक्षण दिलं, जानेवारी २००४ पासून वेष्टनच बदललं आणि मग अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिरात केली. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी वेष्टन, मग बच्चन. उलट केलं असतं तर लोकांनी ऐकलं नसतं, असं माझं मत आहे.

तिसरं, २०१५ चं मॅगीचं प्रकरण. शिशाचं प्रमाण जास्त असल्याच्या अहवालांवरून ५ जून २०१५ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगी परत घ्यायला सांगितलं. नेस्लेचं म्हणणं होतं की नूडल्स सुरक्षित आहेत. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, नव्याने तपासणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानांत परतली. पण मधल्या काळात तीस हजार टनांच्या घरात माल नष्ट करावा लागला. सुरुवातीच्या आठवड्यांत घराघरातल्या आयांना समजेल असं कंपनी फार कमी बोलली, अशी टीका तेव्हा झाली आणि ती मला पटते. बरोबर असणं ही एक गोष्ट, आणि आपण बरोबर आहोत यावर लोकांचा विश्वास बसणं ही दुसरी. पहिलीसाठी प्रयोगशाळा आणि न्यायालय आहे. दुसरीसाठी आपल्यालाच बोलावं लागतं.

"खरं काय ते कळायच्या आत काय बोलणार?"

जे कळलंय तेवढंच. तक्रार आली त्या तासात तीन गोष्टी कोणत्याही संस्थेला माहीत असतात: तक्रार आपल्यापर्यंत पोचली, तिच्याकडे कोण बघतंय, आणि पुन्हा केव्हा सांगू. दवाखान्यात नातेवाईक बाहेर बाकावर बसलेले असतात तेव्हा नर्सने येऊन "डॉक्टर आत आहेत, अर्ध्या तासाने येऊन सांगते" एवढं म्हटलं तरी श्वास खाली बसतो. रोग्याची तब्येत तीच असते. अर्ध्या तासाने यायला मात्र हवं, नवीन काही नसलं तरी.

भाषेचंही एक सांगून टाकतो, कारण इंदुरात तो प्रश्न रोजचा आहे. संस्था मराठी, पण तक्रार हिंदीत येते. आपली पुढची पिढी हिंदीतच लिहिते. तक्रार ज्या भाषेत, उत्तर त्या भाषेत. हिंदीतल्या तक्रारीला शुद्ध मराठीत उत्तर दिलं की तुम्ही आमच्यातले नाही असा वास येतो, मनात तसं काही नसतानाही.

माफीचं व्याकरण

त्या रात्री सचिवकाकांनी कागदावर लिहिलेला पहिला मसुदा असा होता: "कालच्या कार्यक्रमात काही तांत्रिक कारणास्तव काही ज्येष्ठ नागरिकांची गैरसोय झाली असल्यास संस्था दिलगिरी व्यक्त करते. गेली अनेक वर्षे संस्था समाजसेवेचे व्रत..." आणि पुढे अर्धं पान व्रत.

आम्ही तो शब्दाशब्दाने सोडवला. "तांत्रिक कारण" कसलं, कुलूप होतं. "काही ज्येष्ठ नागरिक" नव्हते, एक आजी होत्या आणि त्या कोण हे आता सगळ्यांना माहीत आहे. "गैरसोय झाली" या वाक्यात कर्ताच नाही. पाऊस पडला तशी गैरसोय झाली. "असल्यास" हा शब्द तर सगळ्यात वाईट. परत गेलेल्या माणसाला आपण विचारतोय, तुम्ही खरंच परत गेलात का? आणि "दिलगिरी व्यक्त करणे" हे सरकारी पत्रातलं क्रियापद आहे. घरात आपण आईला कधी दिलगिरी व्यक्त केलीय? आपण म्हणतो, चुकलं माझं.

शब्दांची हीच निसरडी जागा मोठ्यांनाही सुटलेली नाही. एप्रिल २०१७ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला ओढत बाहेर काढल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. जागा भरल्या होत्या आणि कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी त्यातल्या काही हव्या होत्या. कंपनीच्या प्रमुखांनी पहिल्या निवेदनात प्रवाशांना 'री-अकॉमोडेट' करावं लागल्याबद्दल खेद मांडला, म्हणजे त्यांची दुसरीकडे सोय लावावी लागल्याबद्दल. ओढून नेलेल्या माणसाच्या व्हिडिओशेजारी तो शब्द लोकांना असह्य झाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना पुन्हा, सरळ शब्दांत माफी मागावी लागली.

शेवटी सकाळी जे गेलं ते असं: "काल रॅम्पच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती. त्यामुळे एका आजींना नाटक न बघता परत जावं लागलं. चूक आमची आहे. त्यावर आम्ही दिलेलं उत्तर चुकीचं होतं आणि पोस्ट डिलीट करणं त्याहून चुकीचं. आजपासून कार्यक्रमाच्या तासभर आधी रॅम्प उघडा असेल." खाली सचिवांचं नाव. हात थरथरत होते त्यांचे "चूक आमची आहे" टाइप करताना. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी फार आदर वाटला. पोस्ट टाकण्याआधी त्यांनी ताईंना फोन केला होता; आधी माणसाला, मग पेजवर, हा क्रम त्यांचा स्वतःचा.

दवाखाने आणि पतपेढ्या इथे विचारतात, चूक कबूल केली तर कोर्टात अडकू ना? जिथे जीव किंवा पैसा गुंतलाय तिथे वकिलाला जरूर विचारा. पण दोष ठरवण्याआधीसुद्धा "तुम्हाला त्रास झाला, तो आम्ही ऐकला, चौकशी अमुक व्यक्ती करतेय, शुक्रवारी सांगू" एवढं लिहिता येतं. वकील न्यायालयासाठी लिहितो. पेज वाचणारे शेजारी असतात.

डिलीट करून टाकलं तर?

२००३ साली गायिका-अभिनेत्री बार्बरा स्ट्रायसंड यांनी कॅलिफोर्नियाच्या एका छायाचित्रकारावर ५ कोटी डॉलरांचा दावा लावला. किनाऱ्याची धूप नोंदवण्यासाठी त्याने काढलेल्या हजारो फोटोंपैकी एकात त्यांचा बंगला होता. दाव्याआधी तो फोटो सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोनदा त्यांच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांहून जास्त लोक तो बघायला आले. झाकायला गेल्याने उघडं पडणं, याला पुढे त्यांचंच नाव पडलं: 'स्ट्रायसंड इफेक्ट'.

डिलीट करावं असंही बरंच असतं: शिवीगाळ, कोणाचा फोन नंबर, जातीवरून अपमान, लहान मुलांविषयी काहीही. हे उडवायचं आणि का उडवतो ते पेजवर आधीच लिहून ठेवायचं. टीका मात्र ठेवायची.

"पोलिसात देऊ" असंही कोणीतरी बैठकीत म्हणतंच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, ज्याखाली त्रासदायक पोस्टवरून अटका व्हायच्या, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलंय. बदनामीचा कायदा अजून आहे, पण खरी आणि लोकहिताची गोष्ट सांगणं हा त्यातला अपवाद आहे. कुलूप होतंच.

आरोप खोटा असेल तर

मग ठाम राहायचं. तारीख, पावती, फोटो, जे असेल ते एकदा, शांतपणे, जिथे आरोप झाला तिथेच टाकायचं. सुरुवात आरोपाने करायची नाही. "आमच्या पेढ्यांत बुरशी नव्हती" अशी सुरुवात केली की वाचणाऱ्याच्या डोक्यात बुरशीच राहते. "त्या दिवशीचा खवा सकाळी सात वाजता आला, ही त्याची पावती" इथून सुरू करा. समोरचा ट्रोल असेल, म्हणजे उत्तर नकोच असून फक्त डिवचायला आला असेल, तर एका उत्तरानंतर थांबा. ओळखायची खूण अशी की खऱ्या तक्रारदाराला काहीतरी हवं असतं: पैसे परत, बदली माल, निदान एक फोन. ट्रोलला तुमचं पुढचं उत्तर हवं असतं.

आणि घरच्यांकडून, भाच्यांकडून पाच-पाच तारे देववून घेऊ नका. लोकांना ते कळतं. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावे आणि दाखवावे याचं भारतीय मानक ब्यूरोचं मानकही २०२२ पासून आहे, आणि ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे किंवा भेट देऊन कोणाकडून कौतुक करून घेतलं असेल तर ते तसं सांगणं बंधनकारक आहे.

"आम्ही छोटे, आमच्याकडे कुठे माणसं?"

पैशांची गरज फार कमी लागते, शिस्तीची लागते. मी ज्या संस्थांत गेलो त्यांतल्या कितीतरी ठिकाणी पहिली अडचण एकच निघाली: पेजचा पासवर्ड ज्या मुलाकडे होता तो नोकरीला पुण्याला गेला. त्याचा फोन नंबर बदलला, कोड त्या जुन्या नंबरावर जातो, आणि पेजवर दोन वर्षांपूर्वीच्या कोजागिरीचा फोटो तसाच टांगलेला. दाराची किल्ली हरवणं आणि पेजची किल्ली हरवणं, दोन्ही एकच. दोन जणांकडे ॲडमिनचे हक्क ठेवा, नंबर संस्थेचा ठेवा, कार्यकारिणी बदलली की हिशेबाच्या वह्यांबरोबर पासवर्डही सोपवा आणि तसं इतिवृत्तात लिहा.

संस्थेच्या नावाने कोण बोलणार हेही आधी ठरवा. त्या संध्याकाळी उत्तर लिहिणारा मुलगा एकवीस वर्षांचा होता. दिवसभर उन्हात स्टेज लावून दमला होता, कोणालाही न विचारता त्याने बसमधून ते टाइप केलं. त्याला बोल लावणं अन्यायाचं होईल. रागात लिहिलेलं उत्तर दुसऱ्या कोणी वाचल्याशिवाय जाणार नाही असा नियमच कोणी त्याला सांगितला नव्हता.

आधी काम, मग बोलणं

सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ रेल्वेमंत्री असताना प्रवासी चालत्या गाडीतून ट्विटरवर तक्रार करायचे आणि उत्तर यायचं. लोकांच्या लक्षात राहिलं ते उत्तर नव्हे. पुढच्या स्टेशनवर खरोखर कोणीतरी डब्यापर्यंत यायचं, ते लक्षात राहिलं. आपल्या इंदूरचंही तेच. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग पहिला नंबर आला, २०२३ चा सुरतेसोबत. त्या काळात गाणी, भिंतीवरची चित्रं, घोषणा भरपूर झाल्या. पण सकाळी कचऱ्याची गाडी दारात आलीच नसती तर त्या गाण्याने काय झालं असतं? ओला-सुका वेगळा करायची सवय गाडी रोज आल्यामुळे लागली, आणि महापालिकेच्या तक्रारींच्या ३११ ॲपवर टाकलेल्या फोटोची दखल घेतली गेली तेव्हाच लोक पुढचा फोटो टाकू लागले. नाव झालं की ओझंही वाढतं. पहिल्या नंबरच्या शहरातल्या एका तुंबलेल्या गटाराचाही फोटो बातमी होतो, आणि तो व्हायलाच हवा.

त्या संस्थेत आता रॅम्पची किल्ली तिकीटखिडकीच्या आत खिळ्याला लाल दोरीत लटकलेली असते. प्रवेशिकेवर सगळ्यात खाली एक ओळ छापतात: "व्हीलचेअरसाठी रॅम्प डाव्या बाजूला, उघडा आहे." त्या ताई दिवाळी पहाटेला आईला घेऊन आल्या होत्या असं काकांनी मला सांगितलं, पेजवर त्याचा फोटो टाकायचं त्यांनी मुद्दाम टाळलं.

जुना स्क्रीनशॉट अजून फिरतोच आहे. गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पुन्हा आला, "बघा आपल्या संस्था" असं वर लिहून. मी उत्तर द्यायला मोबाईल उचलला, तेवढ्यात माझ्या ओळखीच्या नसलेल्या एका बाईंचा संदेश खाली आला: "ये पुराना है. आता रॅम्प उघडा असतो, मी सासऱ्यांना घेऊन गेले होते."